सांगितलेला शेवट

रस्ता अर्धा ओलांडून झाला होता तेव्हा बटण म्हणाली, "रविवारी मी ताईकडे जातेय," आणि वाळवीचे पाय जागच्या जागी थांबले. सिग्नल सुटायच्या बेतात होता. एका स्कूटरवाल्याने हॉर्नवर अंगठा दाबून धरला आणि वर "झोपायला घर नाही का?" असंही विचारून घेतलं. बटणने तिचं दप्तर धरून तिला फुटपाथवर ओढलं. "तूपण यायचंस. तुझ्यामुळेच तर चाललेय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. बटण नेहमी थट्टेत बोलायची, आणि आज तिच्या आवाजात चक्क आभार होते.  ते 'तुझ्यामुळेच' घेऊनच वाळवीने तो आठवडा काढला. गणिताच्या तासाला, जेवताना, केस विंचरताना ते कानात होतंच. आणि आता रविवारच्या दुपारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या बसमध्ये ती बटणशेजारी बसली होती तरी ते कानातून गेलं नव्हतं. आई सकाळी म्हणाली होती, "आज पुस्तक न घेता बाहेर? ताप आहे का बघू." तिने आईचा हात कपाळावरून बाजूला केला होता. ताप असता तर बरं झालं असतं, घरी पडून राहता आलं असतं.

वाळवी हे नाव वादळने ठेवलेलं. वादळ म्हणजे त्यांच्या तिघींतली ती उंच, आडदांड मुलगी, जी खोलीत शिरली की एक तरी वस्तू पडते. एकदा मधल्या सुट्टीत तिने बाकाखालून वाळवीच्या मांडीवरचं पुस्तक ओढून काढलं, चाळलं आणि जाहीर केलं, "हिला वाळवी लागलीय बघा, पार आतून पोखरलंय." तेव्हापासून वाळवी. तिला ते नाव आवडलंही होतं. नाव पडणं म्हणजे घोळक्यात जागा मिळणं. त्याआधी दोन वर्षं ती वर्गात होती आणि नव्हती. पुस्तकांना ती गणिताच्या पुस्तकाचं कव्हर घालायची, कुणी जवळ आलं की पान न दुमडता मिटायची आणि मग रात्री जागा शोधत बसायची. मैत्रिणींना वाचनाचा राग नव्हता. त्या जाड पुस्तकाकडे अशा बघायच्या जसं कुणाच्या मानेवर वाढलेल्या गाठीकडे बघावं: दुखतं का, किती दिवसांपासून आहे, डॉक्टर काय म्हणतात. "एवढं सगळं तू वाचणार? का पण?" बटणने एकदा अगदी काळजीने विचारलं होतं. बटण बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि तिचं नाव असं पडलं की तिच्या आईच्या लाँड्रीत गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं लावण्याचं काम तिच्याकडे होतं.  तेव्हा वाळवीने, कसं कोण जाणे, त्या पुस्तकाची गोष्टच सांगायला सुरुवात केली होती.

मग ती सवयच झाली. शाळा सुटली की तिघी लाँड्रीच्या मागच्या खोलीत जायच्या. तिथे वर आडव्या नळ्यांवर धुतलेले कपडे ओळीने टांगलेले, त्यांच्यावर टाचणीने लावलेले नंबर, कोपऱ्यात वाफेची इस्त्री, आणि सगळीकडे तो ओला, गरम, औषधी वास. कपड्यांवर प्लास्टिकची कव्हरं चढवायचं काम तिघी मिळून करायच्या. वादळ उंच म्हणून हँगर काढून द्यायची, बटण कव्हर ओढायची, वाळवी खालून गाठ मारायची. हात गुंतले की वादळ म्हणायची, "हं, चालू कर." आणि वाळवी चालू करायची. परवा कुठपर्यंत आलो होतो, तिथून. पुढच्या दुकानात काउंटरवर काकू, म्हणजे बटणची आई, पावत्या फाडत बसलेली असायची. मधला पडदा बाजूला केलेला असायचा तो हवा यावी म्हणून, असं काकू म्हणायची. गोष्ट रंगात आली की तिचा गिऱ्हाइकांशी बोलायचा आवाज मात्र खाली यायचा.

वाळवीला स्वतःचंच नवल वाटायचं. वर्गात तोंड उघडायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि इथे कपड्यांच्या ओळींत उभं राहून ती माणसांचे आवाज काढायची, मध्येच थांबायची, वादळ "अगं बोल ना!" म्हणून ओरडेपर्यंत थांबायची. आधी ती फक्त वगळत गेली. वर्णनं गेली, पावसाळी संध्याकाळी गेल्या, माणूस खिडकीशी उभा राहून दोन पानं विचार करतो ते गेलं. मग ती जोडायला लागली. एका कादंबरीतला भित्रा डॉक्टर वादळला आवडत नव्हता, तर वाळवीने त्याला तिसऱ्या दिवशी थोडा धीट केला. एका पुस्तकातला कुत्रा मरायचा होता, तो तिने वाचवला, कारण बटणचा कुत्रा तेव्हा आजारी होता. घरी गेल्यावर ती पुस्तक उघडायची तेव्हा कुत्रा मेलेलाच असायचा. ती ते पान हळूच वाचायची आणि कुणाची तरी माफी मागितल्यासारखी बोट त्याच्यावरून फिरवायची. पुस्तक तिचं होतं, गोष्ट त्यांची होती, आणि दोन्हीकडे थोडं थोडं खोटं बोलून ती दोन्हीकडे राहत होती. चाललं होतं.

ते दोन बहिणींचं पुस्तक तिने आणलं तेव्हा तिने विचार केला नव्हता, हे खरं. का केला नव्हता? बटणची ताई घर सोडून गेली होती हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. ताई काउंटरवर बसायची, काकूच्या बरोबरीने. एक दिवस ती म्हणाली की दुसऱ्यांच्या कपड्यांत मी जन्म काढणार नाही, आणि काकूने भर गिऱ्हाइकांत तिच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी ताई नव्हती. फोनचा नंबर बदलला. काकूने तिचं नाव काढणं बंद केलं, आणि घरात जे नाव काढत नाहीत ते जसं सगळीकडे असतं, तसं ते कपड्यांच्या ओळींमधूनही फिरत राहिलं. हे सगळं ठाऊक असून वाळवीने पुस्तक उचललं, कारण ते तिला अतोनात आवडलं होतं. त्यातली धाकटी बहीण घर सोडून गेलेल्या थोरलीला शोधत राहते. तीनशे पानं शोधते. शेवटी पत्ता मिळतो, ती जाते, दार वाजवते. थोरली दार उघडते, साखळी तशीच ठेवून तिच्याकडे बघते, ओळखते, आणि म्हणते, "तुमचा पत्ता चुकलाय." दार लागतं. धाकटी उभी राहते आणि आत नळ सुरू झाल्याचा आवाज ऐकते. संपलं. वाळवीने ते स्वयंपाकघराच्या लादीवर बसून वाचलं होतं, आणि तिच्या हातावर काटा आला होता. तिला वाटलं होतं, हे खरं आहे. आजवर कुणी मला इतकं खरं सांगितलं नव्हतं.

आणि सांगायची वेळ आली तेव्हा ते खरं तिच्या तोंडातून निघालं नाही. थोरलीने दार उघडलं इथपर्यंत ती आली, आणि तिने बघितलं की बटणच्या हातातलं कव्हर अर्ध्यावर राहिलंय. कोणाचा तरी काळा सूट प्लास्टिकमधून खांद्यापर्यंत बाहेर होता आणि बटण त्या सुटाला धरून उभी होती. इस्त्री बंद होती. काउंटरवर कुणी बोलत नव्हतं. वाळवी म्हणाली, "थोरलीने साखळी काढली." एवढं एकदा बोलल्यावर पुढचं आपोआप आलं. थोरली रडली, धाकटी रडली, दोघी उंबऱ्यातच बसल्या, थोरली म्हणाली की मी रोज वाट बघत होते, पण यायला तोंड नव्हतं, तुम्हीच कुणी दार वाजवाल म्हणून थांबले होते. वाळवीला सांगतानाच कळत होतं की हे वाईट लिहिलंय. लिहिलेलं नव्हतंच, तरी. वादळ हुंदके देऊन रडली आणि हाताला लागला तो रुमाल घेऊन तिने नाक शिंकरलं. तो गिऱ्हाइकाचा होता, परत धुवावा लागला. पडद्यापलीकडून काकू एवढंच म्हणाली, "पुस्तकातली माणसं बरी बाई. त्यांचा राग लवकर जातो."  बटणने तो सूट नीट झाकला.

दया आली म्हणून केलं, असं वाळवीने स्वतःला सांगितलं. कुणीही हेच केलं असतं. पण खाई त्याला खवखवे. ती अंथरुणात पडली की आतून दुसराच आवाज यायचा: दया कसली, तुला वाटलं यांना झेपणार नाही. तुला झेपलं, तू काटा येऊन बसलीस, आणि बटणला मात्र तू मऊ भात भरवलास. जिची बहीण खरोखर गेलीय तिला कळणार नाही, आणि जिला बहीणच नाही तिला कळलं, असं होय? ती कूस बदलायची. मग तिला आणखी एक वाटायचं आणि ते सगळ्यांत वाईट होतं. तो खरा शेवट कुणालाही न देता आपल्याजवळ एकटीजवळ ठेवायला तिला आवडलं होतं. त्यांना गोड गोळी दिली आणि औषध स्वतः प्यायली. असं माणूस मैत्रिणींशी वागतं का?

बस एका मोठ्या वळणावर कलली आणि बटणच्या मांडीवरचं प्लास्टिक करकरलं. आत राखाडी लोकरीचा कोट होता, ताईचा. तो लाँड्रीत अगदी शेवटच्या नळीवर, न नेलेल्या कपड्यांमध्ये टांगलेला असायचा. नंबर नसलेला तो एकच. सकाळी बटण निघताना काकूने तो काढून तिच्या हातावर टाकला होता. "कुठे जातेस ते मी विचारत नाही," काकू म्हणाली म्हणे, "पण जातेच आहेस तर हा घेऊन जा. इथे उगाच जागा अडवतो." बटणने हे सांगितलं तेव्हा वाळवीला खिडकीतून उडी मारावीशी वाटली. ती एका मुलीशी खोटं बोलली होती असं तिला वाटत होतं. ते खोटं पडद्यापलीकडे जाऊन नळीवरून कोट उतरवील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. कोटाला नवीन इस्त्री होती, कॉलर आतून पुन्हा शिवलेली. आज ते दार लागलं तर ते या दोघींच्या तोंडावर लागणार होतं, बटणच्याही आणि तिथे काउंटरवर बसून घड्याळाकडे न बघणाऱ्या काकूच्याही.

"बटण," ती म्हणाली, "त्या पुस्तकात ना, खरं म्हणजे..."

"थांब, तेच विचारणार होते. दार उघडल्यावर धाकटी पहिलं काय बोलते?"

वाळवीला आठवेना. खऱ्या पुस्तकातली अख्खीच्या अख्खी पानं तिला पाठ होती, पण स्वतः रचलेलं एक वाक्य डोक्यात राहिलं नव्हतं. "काही नाही बोलत. नुसती उभी राहते," ती म्हणाली.

"नाही गं. 'मी आले,' म्हणते. तूच तर सांगितलंस." बटणने ते पुटपुटून पाहिलं. मी आले. मी आले. "मी पण तेवढंच म्हणणार. जास्त बोलायला गेले की मला रडू येतं आणि मग काही कळत नाही समोरच्याला."

"आणि समजा, तिने नाही घेतलं आत, तर?"

बटणचा चेहरा एकदम लहान झाला. ती वाळवीकडे बघत राहिली, बस थांब्यावर थांबून माणसं चढून पुन्हा सुटेपर्यंत. "असं का बोलतेस? तुला काय वाटतं, नाही घेणार?"

हीच वेळ होती. जीभ उचलायची आणि सांगायचं: मी बदललं होतं, पुस्तकात दार लागतं, तुझ्याकडे बघून मला राहवलं नाही. तीन वाक्यं. मग बटण ठरवील, उतरायचं की नाही. पण ती वाक्यं सांगितली की मागचं सगळं त्यांच्याबरोबर ओढलं गेलं असतं, धीट डॉक्टर, जिवंत कुत्रा, सगळ्या संध्याकाळी. बटणने वादळला सांगितलं असतं, वादळने अख्ख्या वर्गाला. मग ती पुन्हा कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन मागच्या बाकावर. गोष्ट काढून घेतली तर मैत्रिणींना द्यायला तिच्याकडे दुसरं काय होतं? तिला वादळसारखं हसवता येत नव्हतं, बटणसारखी कुणाची काळजी करता येत नव्हती. "घेईल गं," ती म्हणाली. "उगाच गंमत केली." हे मात्र दयेपोटी नव्हतं. हे तिलाही कळलं.

ताईचा पत्ता एका गिऱ्हाइकाने दिला होता, त्याने तिला एका बेकरीत कामाला पाहिलं होतं. इमारत जुनी नव्हती आणि नवीही नव्हती, जिन्यात सायकली साखळीने बांधलेल्या, कुणाच्या तरी घरात रेडिओवर सामन्याचं वर्णन चाललेलं. बटण पुढे, कोट दोन्ही हातांवर आडवा धरून, कुणाचं तरी झोपलेलं मूल न्यावं तशी. वाळवी मागे. तिला वाटत होतं, घरी कुणी नसू दे. कुलूप असू दे. देवा, कुलूप असू दे, कोट शेजारी ठेवून परत जाऊ. तिसऱ्या मजल्यावर तपकिरी दार होतं, त्याला कुलूप नव्हतं. बटणने वाजवलं. आतून कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला. बटणचे ओठ हलत होते, मी आले, मी आले. आणि वाळवीच्या लक्षात आलं की आपलेही ओठ हलताहेत.

दार उघडलं. साखळी होती. तिच्यावरून ताईचा चेहरा, कपाळाला पीठ लागलेला, केस वर बांधलेले, पूर्वीपेक्षा रोड. ती बटणकडे बघत राहिली. काहीच झालं नाही. बटणच्या तोंडून "मी आले" निघालं नाही, तिच्या घशातून नुसती हवा आली. वाळवी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती आणि तिला सगळं फार स्पष्ट दिसत होतं, साखळीचा एक गंजका दुवा, ताईचा दारावरचा अंगठा. आता, तिला वाटलं, आता. तुमचा पत्ता चुकलाय. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, नुसतं तयार नव्हतं, ती ते ताईच्या तोंडात ढकलत होती. म्हण ना. तिच्या हातावर काटा आला, तोच, स्वयंपाकघराच्या लादीवरचा. तिला भीती वाटत नव्हती. तिला ते हवं होतं. पुस्तक खरं ठरायला हवं होतं, जे तिने एकटीने वाचलं आणि एकटीने ओळखलं ते, बटण मध्ये उभी होती तरीही. हे एका श्वासाएवढंच टिकलं, पण तिने स्वतःला त्या श्वासात पुरतं पाहिलं.

"आई बरी आहे ना?" ताई म्हणाली. तिचा आवाज घाबरून चिरकला. "काय झालं आईला? बोल ना गं!"

"बरी आहे," बटण म्हणाली. "काही नाही झालं. कोट दिलाय तुझा."

ताईला साखळी काढता येईना. तिची बोटं घसरत होती. दोनदा दार लावून पुन्हा उघडावं लागलं, आणि प्रत्येक वेळी दार लागलं तेव्हा वाळवीच्या छातीत काहीतरी आशेने उचललं जायचं आणि तिला स्वतःची शिसारी यायची. मग दार सताड उघडलं. ताईने कोट घेतला नाही, कोटासकट बटणलाच ओढून घेतलं, आणि दोघींच्या मध्ये ते प्लास्टिक करकरत राहिलं. "कॉलर शिवलीय तिने," बटण रडत सांगत होती, "नवीन अस्तर लावलंय बघ," आणि ताई "हो, हो" म्हणत होती, बघत काहीच नव्हती. त्या उंबऱ्यात बसल्या नाहीत. छान छान काही बोलल्या नाहीत. ताईने एकदा "आली का नाहीस इतके दिवस, गाढवे" असं म्हणून बटणच्या पाठीत धपाटा घातला. वाळवीने रचलेल्या शेवटाहून हे कितीतरी चांगलं होतं, आणि पुस्तकातल्याहूनही. आणि ते बघताना तिच्या आत, अगदी खाली, कुणीतरी हिरमुसून बसलं होतं. जगात एवढं बरं घडत होतं आणि तिला एक चांगला शेवट वाया गेल्याचं वाईट वाटत होतं. असली कशी मी, तिला वाटलं. पुस्तकातली माणसं वाचता वाचता मी असली कशी झाले?

आतल्या ओट्यावर काहीतरी करपत होतं. ताईला त्याचं भान नव्हतं. बटणने नाक पुसलं आणि वळून बघितलं. तिचा चेहरा लाल आणि ओला होता, आणि वाळवीने तो इतका सुंदर कधी पाहिला नव्हता.

"बघितलंस?" बटण म्हणाली. "तू सांगितलंस अगदी तसं!"

"हो," वाळवी म्हणाली.

"ही कोण गं?" ताईने विचारलं.

"माझी मैत्रीण. मी येणारच नव्हते ताई, माझी हिंमतच नव्हती. हिच्यामुळे आले. हिला आधीच माहीत होतं, तू दार उघडशील म्हणून."

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं, जसं कुणी आपल्या घरच्या उपकारकर्त्याकडे पाहावं. "मी नाही..." वाळवी म्हणाली, पण तोवर ताई बाहेर आली होती, चपला एकीकडे टाकून, आणि तिने वाळवीला जवळ घेतलं. तिच्या अंगाला पावाचा वास होता. ती वाळवीच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, अनोळखी माणसाजवळ रडतात तसं, काही राखून न ठेवता, आणि तिच्या खांद्यावरून बटण हसत होती. वाळवीचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. ते उचलून ताईच्या पाठीवर ठेवायचे एवढंच करायचं होतं, आणि तेवढं तिला करवेना.